विग शिवायचा की चिकटवायचा? ताईने लिहायला सांगितलं म्हणून लिहितोय

आज रेतीघाट नाही, नगरपंचायत नाही, पेंचच्या कालव्याचं पाणीही नाही. आज विगबद्दल लिहितोय. हसू येत असेल तर हसून घ्या. मीही हसलो होतो.

जानेवारी 2025 मधली गोष्ट आठवत असेल. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस एकाएकी जायला लागले. आधी डोकं खाजवायचं, मग केस हातात यायचे, आणि काही दिवसांत टक्कल. म्हातारे, तरुण, बाया, शाळेतली पोरं, कोणी सुटलं नाही. आपल्या माध्यमांनी लगेच नाव ठेवलं, 'टक्कल व्हायरस'. व्हायरस नव्हताच तो. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या परीने तपासण्या केल्या आणि सांगितलं की या लोकांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेलं आहे. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे.

हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं? टकलावरचा एक जोक आला, तो चार ग्रुपवर पुढे ढकलला. पंधरा-वीस वर्षं पत्रकारिता करतोय. तिकडच्या एखाद्या बाईला आरशात काय दिसत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीला छातीत गाठ लागली.

ताई आमच्याच गावात दिलेली. मायबाप गेल्यावर तीच माय. तपासण्या नागपुरात झाल्या. आपल्या भागाला त्या बाबतीत नागपूर जवळ आहे, चाळीसेक किलोमीटर. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. आम्ही कुठे गेलो ते इथे महत्त्वाचं नाही. उपचार चांगले झाले, डॉक्टर देवमाणूस होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिली केमो लागली आणि पुढच्या दर एकवीस दिवसांनी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, केस जातील, पण परत येतील. आम्ही मान डोलावली. सगळं लक्ष गाठीवर होतं. केमोचं औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतं, आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशीही वेगाने वाढणाऱ्याच. म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस सुटतात. ताईचे सुटले महाशिवरात्रीच्या तीन-चार दिवस आधी. सकाळी उशी काळी झाली होती. न्हाणीत पाणी तुंबलं. दुपारपर्यंत भाचीने केरसुणीने झाडून गोळा केले तर एक पिशवी भरली.

आपल्याकडे गल्लीत सायकलवर केसवाला येतो, माहीतच आहे. बाया विंचरलेले गुंतवळ वर्षभर पिशवीत जमवतात आणि त्यावर स्टीलची वाटी नाहीतर एखादी गंजी घेतात. ताईच्या घरात अशा तीन वाट्या आहेत. नेमका दुसऱ्याच दिवशी तो आला, ओरडत ओरडत. भाचीने आईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "हे नको देऊ वो. हे राहू दे."

नंतर विगच्या मागे लागल्यावर कळलं की हे गुंतवळ पश्चिम बंगालात मुर्शिदाबादकडे, कर्नाटकात कोप्पळकडे जातं. तिथे बायाच बसून एकेक केस सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, मग माल परदेशी जातो. तिरुपतीला मुंडनात उतरलेल्या लांब केसांचा वेगळा लिलाव होतो. जगभरातल्या बाया जे विग घालतात, त्यात आपल्याकडच्या बायांचे केस असतात. आणि त्याच बाईचे स्वतःचे केस गेले की तिला नागपूरच्या दुकानात अठरा हजार मोजावे लागतात.

घाई यासाठी होती की भाचीचं लग्न ठरलेलं होतं. एप्रिलच्या शेवटी, इथेच पारशिवनीत. मुलाला सगळं माहीत होतं. त्याच्या घरी मात्र "आईची तब्येत बरी नसते" एवढंच गेलं होतं. भाऊजी म्हणत होते, लग्न पार पडू दे, मग सांगू.

एका रात्री ताई मला म्हणाली, "अरे, मांडवात मी बोडकी बसू का? नवरा जिता असून?"

मी गप्प बसलो. बोडकी या शब्दात किती काय आहे ते आपल्या माणसांना सांगायला नको. नवरा मेला की बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांचा संप घडवला, विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही म्हणून. महात्मा फुल्यांचा हा सहकारी. हे मी जयंतीच्या भाषणात दोनदा बोललोय. वस्तरा कधीचाच गेला, पण तो शब्द ताईच्या तोंडात अजून होता. तेव्हा कळलं, विग हा नखरा नाही. ताईला त्या मांडवात सवाशीण म्हणून उभं राहायचं होतं.

म्हणून मी मोबाइल घेऊन बसलो. लेस विग नावाचा प्रकार चांगला, असं सगळीकडे होतं. मच्छरदाणीहून बारीक जाळी असते, तिला सुईसारख्या आकड्याने एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. कपाळापाशी ती जाळी कातडीच्या रंगात मिसळते, त्यामुळे केस डोक्यातूनच उगवल्यासारखे दिसतात. साध्या विगला कपाळावर जी टोपीची कड दिसते ती इथे दिसत नाही. आता हा बसवायचा कसा? सगळे व्हिडिओ एकाच प्रश्नावर: शिवायचा की चिकटवायचा?

शिवणं म्हणजे डोक्यावर स्वतःच्या केसांच्या बारीक, घट्ट वेण्या घालायच्या, कातडीला लागून, आणि वाकड्या सुईने विग त्या वेण्यांना टाचायचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायांच्या सलूनमध्ये ही कला फार पुढे गेलेली आहे. सहा-आठ आठवडे टिकतो म्हणतात. चिकटवणं म्हणजे कपाळाच्या कडेने गोंद लावायचा, सुकू द्यायचा आणि जाळी दाबून बसवायची. गोंद चांगला असेल तर आठवडा, दोन आठवडे.

मी ठरवलं, शिवलेला मजबूत. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने ताईचं डोकं पाहिलं आणि म्हणाला, "शिवायचं कशाला? चिकटवून देतो, पंधरा दिवस हलणार नाही." आम्हाला तेच पाहिजे होतं, हलू नये. अठरा हजार दिले. त्याने कपाळापासून कानापर्यंत आणि मागे मानेपर्यंत गोंद लावला. विग इतका छान बसला की ताई आरशापुढून उठेना. परतताना तिने कारची खिडकी उघडली, कित्येक दिवसांनी.

संध्याकाळी खाज सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आग. मार्च होता, ऊन चढलेलं, आत घाम. काढावा म्हटलं तर निघेना. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "इकडे घेऊन या, आमचं रिमूव्हर लागते." ताईला उभं राहायची ताकद नव्हती आणि म्हणे चाळीस किलोमीटर या. शेवटी भाचीने खोबरेल तेल लावून लावून तीन तासांत काढला. कपाळाची कातडी दोन ठिकाणी सोबत आली.

केमोमध्ये कातडी नाजूक होते, जखम लवकर भरत नाही, आणि औषधानंतर आठ-पंधरा दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. साधा ओरखडाही चिघळू शकतो. तो चिघळला. ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि पुढची केमो आठ दिवस पुढे गेली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात ना? गोंद लावायच्या आधी विचारायचं." मी म्हणालो, "साहेब, केस जाणार हे सांगितलं. पुढे काय करायचं ते कोणी बोललंच नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो. तेही खरं आहे."

विग कपाटात गेला. ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायची. लग्नाला महिना उरला होता.

तेव्हा मला झाडीपट्टीतले एक काका आठवले. बातम्यांच्या निमित्ताने वडसा-देसाईगंजकडे जाणं होतं, तिथली ओळख. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, हजारो माणसं बसतात. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं. हे काका तिथे रंगभूषा करतात. तरुणपणी दंडारीत बाईचं काम करायचे. विगला ते विग म्हणत नाहीत, टोप म्हणतात. मी फोनवर सगळं सांगितलं आणि विचारलं, काका, शिवायचा की चिकटवायचा?

ते हसले. म्हणाले, "पत्रकार साहेब, टाका माराले खाली कायी लागते ना जी? डोक्स्यावर केसच नायी, त शिवसान कशाले?"

मी फोन धरून बसलो. दहा दिवस व्हिडिओ पाहिले, तुलना केली, वहीत लिहिलं, आणि एवढी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. शिवलेला विग केसांना धरतो, चिकटवलेला कातडीला धरतो. ताईकडे केस नव्हते आणि कातडी धड नव्हती. तो सगळा वाद ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांचा होता.

काका पुढे म्हणाले, "मी चाळीस वर्षं मिशा चिकटवल्या, स्पिरिट गमनं. रोज लावा, रोज काढा. पोट्ट्यांचे ओठ पाहा, वरची कातडी काळी पडली. गोंद तगड्या मानसाले बी खाते. आन आमच्यात एक नेम आहे, पहाटे चारला नाटक सुटलं का नटाले स्वतःच्या हातानं टोप काढता आला पायजे. दुसऱ्याच्या हातानं निघते तो टोप बेकार."

मग त्यांनी उपाय सांगितला. टोप डोक्याला शिवायचा नाही. टोपाला आतून शिवायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणाऱ्या एक वहिनी आहेत. विग घेऊन तिच्याकडे गेलो. तिने उलटा करून पाहिला, बोटावर ताणला आणि म्हणाली, "दादा, हे तर सोपं आहे. पण माप घ्यायला ताईलाच आणा, नाहीतर मी येते." ती घरी आली. दार लावून माप घेतलं. आत कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंत रुंद, मऊ इलॅस्टिक लावलं, मागे ब्लाउजचे दोन हूक, सैल-घट्ट करायला दोन घरं. कपाळाकडे, जाळीच्या जरा मागे, मखमलीची पट्टी हाताने टाचली. मखमल घसरत नाही, चांगल्या पकडीची असते आणि टोचतही नाही. खाली घालायला जुन्या सुती ओढणीची पातळ टोपी शिवून दिली, घाम पिण्यासाठी. मशीन नाही, सगळी हातशिलाई, कारण जाळीवर मशीन चालवलं तर जाळी फाटते. दोन दिवस लागले. पैसे विचारले तर म्हणाली, "दीडशे द्या. आणि ताईला सांगा, कोणाला लागलं तर माझं नाव सांगा." नाव तिने सांगायला सांगितलं खरं, पण मी जाहीर लिहीत नाही. पारशिवनीत तुम्हाला शोधायला वेळ लागणार नाही.

आता ताईच्या लग्नघरात काय झालं ते सांगतो.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. आपल्याकडे पारा 44-45 वर. सकाळपासून ताई विग लावून होती. हळदीकुंकू, मंगलाष्टकं, मुलीच्या पाठीशी उभं राहणं, सगळं केलं. कपाळाच्या मध्यावर दवाखान्यातली दुहेरी चिकटपट्टी बोटभर लावली होती, तीही आठवडाभर आधी कानामागे लावून पाहून आणि डॉक्टरांना विचारून. बाकी सगळं इलॅस्टिक आणि मखमलीवर. फोटोत पाहा, कोणी ओळखणार नाही.

दोनच्या सुमाराला तिला सोसवेना. ती आतल्या खोलीत गेली, दोन हूक काढले, विग काढून मांडीवर ठेवला आणि कूलरपुढे बसली. स्वतःच्या हाताने. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी दाराबाहेर होतो, कोणाला आत सोडायचं नाही म्हणून. पण इहीनबाईंना मी कसा अडवणार? त्या साडी बदलायला आल्या आणि सरळ आत गेल्या.

आतून काही आवाज आला नाही. मला घाम फुटला.

ताईने नंतर सांगितलं. त्या दोन पावलं आत येऊन थांबल्या. ताईने पदर ओढायला हात वर केला. इहीनबाईंनी दार लावून घेतलं, कूलरचं तोंड ताईकडे फिरवलं, शेजारी बसल्या आणि विचारलं, "किती झाल्या?" ताई म्हणाली, तीन. त्या म्हणाल्या, "माह्या बहिणीच्या सहा झाल्या होत्या." एवढंच. मग दोघी किती वेळ बसून होत्या. पंगत उठली तरी बाहेर आल्या नाहीत.

सगळं असंच गोड झालं असं सांगणार नाही. चार बाया कुजबुजल्याच. एकीने तर "लपवून लग्न केलं" असंही म्हटलं, आणि तिचं पूर्ण चुकलं असं मला म्हणता येत नाही. आम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं. पण त्या खोलीत जर विग गोंदाने चिकटवलेला असता, तर ताई त्या उन्हात संध्याकाळपर्यंत आत जळत राहिली असती, हसत हसत. ते हूक होते म्हणून ती बसू शकली.

ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी, आम्ही ठेच लागून शिकलो ते:

1. केमो सुरू असताना डोक्याला गोंद लावू नका. अगदी लावायचाच झाला तर डॉक्टरांना विचारून, कानामागे थेंबभर लावून, दोन दिवस वाट पाहून.

2. "शिवून देतो" कोणी म्हटलं तर विचारा, कशाला शिवणार? उपचार संपल्यावर केस साधारण एक ते तीन महिन्यांत दिसू लागतात. त्या कोवळ्या केसांच्या घट्ट वेण्या घालून त्यावर विग शिवला, तर ओढ बसून मुळं दुखावतात. परत आलेले केस परत जातील.

3. केस आहेत आणि हौस म्हणून लावायचा आहे, त्यांनाही सांगतो. शिवलेल्या विगच्या आत आपल्या उन्हाळ्यात घाम साचतो, धुता नीट येत नाही, वास येतो, बुरशी धरते. चिकटवलेला ओढून काढू नका, तेल किंवा रिमूव्हर लावून हळूहळू सोडवा.

4. नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा विग स्वस्त मिळतो आणि तोही चालतो. पण चुलीपाशी, गॅसपाशी, कढईच्या वाफेवर वाकू नका. ते केस आकसतात, वितळतात.

5. रात्री काढून ठेवा. डोक्याला हवा लागू द्या. जो विग बाईला स्वतः काढता येत नाही, तो घेऊ नका. काकांचा नेम लक्षात ठेवा.

आणि आता जे दवाखाने, लोकप्रतिनिधी, अधिकारी ही पोस्ट वाचतात त्यांच्यासाठी.

ताईच्या केमोचा खर्च बराचसा सरकारी योजनेतून झाला, त्याबद्दल खरंच आभार. पण केमोच्या पहिल्या दिवशी हातात एक मराठी कागद द्यायला काय लागतं? केस कधी जातील, तेव्हा काय करायचं, काय लावायचं नाही, विग कुठे मिळेल. एक पान. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच विग देते, काहींना फुकट, काहींना ठरलेल्या दरात. तिथे त्याला उपचाराचा भाग मानतात. मुंबईत मदत ट्रस्टसारखी संस्था दान आलेल्या वेण्यांपासून विग करून रुग्णांना मोफत देते. बारा इंचांची वेणी लागते, आणि एका विगला अनेक जणींच्या वेण्या. असं नागपुरात का होऊ नये? कृत्रिम पायासाठी आपण शिबिरं घेतो, चष्म्यासाठी घेतो. विगसाठी एकही घेतलेलं माझ्या पाहण्यात नाही. आणि आपल्या प्रत्येक गावात हूक-इलॅस्टिक लावून देणारी एक वहिनी असतेच. बचत गटाच्या बायांना हे दोन दिवसांत शिकवता येईल.

पत्रकार मित्रांनो, आपल्यासाठीही एक. पुन्हा कुठे असं झालं तर 'टक्कल' हा शब्द मथळ्यात घालायच्या आधी एकदा थांबा. मी बोंडगावच्या त्या माणसांची माफी मागतो. उशीर झाला आहे, तरी मागतो.

ताईचं ऑपरेशन झालं. आता डोक्यावर बोटभर केस आलेत, पांढरे आणि जरा कुरळे. ती तशीच बाजारात जाते. विग तिने धुऊन, विंचरून, सुती टोपीसकट पिशवीत ठेवला आहे. मागच्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका बाईची पहिली केमो झाली. ताई ती पिशवी घेऊन तिच्याकडे गेली. सोबत वहिनीलाही नेलं, माप घ्यायला.

ता. क. : ही पोस्ट ताईने दोनदा वाचून पाहिली आहे. गुंतवळाची पिशवी अजून तिच्या कपाटात आहे. तिचं काय करणार, असं विचारलं तर म्हणाली, "तुले काय करा लागते?"